मत कुणाला दिलं, हे विचारायचंच नाही

बीड जिल्ह्यातल्या एका आशाताईंचं पत्र आलं आहे. नाव आणि गाव छापू नका, असं त्यांनी कळकळीनं लिहिलं आहे, म्हणून ओळख पटेल असे तपशील मी काढले आहेत. बाकी शब्द त्यांचेच.

“आमच्या गावात ग्रामपंचायत लागली आहे. सरपंचपद ओबीसीला सुटलं. माझे थोरले दीर कुणबी दाखल्यावर उभे आहेत, समोरचा उमेदवार वंजारी समाजाचा आहे. ते म्हणतात, आमच्या हक्काच्या जागेत तुम्ही घुसलात. आमची माणसं म्हणतात, दाखला सरकारनं दिलाय, चोरला नाही. लोकसभेपासून गाव धुमसतच होतं, आता दुकानं आणि पिठाची गिरणीसुद्धा वाटून घेतली आहे. दीर म्हणतात, तुझ्या वहीत घर न् घर आहे, आपलं कोण न् त्यांचं कोण त्याच्या खुणा करून दे. समोरच्यांच्या दोन घरांनी मला दारातूनच परत लावलं. त्यातल्या एका घरात आठवा महिना लागलेली पोर आहे. अंगणवाडीची सेविका माझी जुनी मैत्रीण, ती त्यांच्यातली, आता मान वळवून जाते. रात्री देवळात बोलावून भंडारा उचलून मताची शपथ घ्यायला लावतात. ऊसतोडीला गेलेल्यांना मुकादम म्हणतो, मतदानाला गाडी लावतो, पण मत सांगू तिथं, नाहीतर उचल परत टाका. बौद्धवस्तीला सांगितलंय, मशीनमध्ये सगळं कळतं, विरोधात गेलात तर शेतात पाय ठेवू देणार नाही. आता काही जाणती माणसं म्हणतात, भांडण नको, पदाची बोली लावू, जास्त देईल तो बिनविरोध, पैसा सभामंडपाला. मला पण वाटतं, सुटू एकदाचं. मी काय करू? मला याच गावात राहायचंय.”

ताई,

आधी वहीचं सांगते, कारण दीर ती पुन्हा मागायला येणारच. वही देऊ नका. खुणा करून देऊ नका, तोंडी सांगू नका, नुसती चाळायलाही देऊ नका. त्या वहीत कुणाचं मूल पडलं, कुणाला टीबीची गोळी चालू आहे, कुणाचं रक्त किती आहे, हे सगळं आहे. बायकांनी ते तुम्हाला सांगितलं ते तुम्ही कुणाच्या सून आहात हे विसरून. ती वही एकदा पॅनलच्या हाती गेली, की निवडणूक संपल्यावरही त्या बायका तुम्हाला पुन्हा काही सांगणार नाहीत.

घरात हे भांडून सांगू नका. असं म्हणा: “भावजी, वही आरोग्य खात्याची आहे. गटप्रवर्तक बाई कधीही मागतात. त्यात खुणा सापडल्या तर माझं काम जाईल आणि नाव तुमचं निघेल.” हे खरं कारण आहे आणि दिरांच्याही हिताचं आहे. सासूबाई मध्ये पडल्या तर त्यांनाही हेच सांगा, शब्द बदलू नका. रोज वेगळं कारण दिलं की माणसं समजतात, अजून थोडं रेटलं की ही देईल.

आणि ती आठवा महिना लागलेली मुलगी. तिचं काम मतदानापर्यंत थांबवता येणार नाही. त्या घराला तुम्ही नको असाल तर तुम्ही जाऊ नका, पण आजच उपकेंद्रातल्या नर्सबाईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना कळवा, की या घरी दुसऱ्या कुणीतरी जायला हवं. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन बघून घ्यायला सांगा. १०२ ची गाडी कशी बोलवायची हे त्या घरातल्या मोठ्या बाईला नर्सबाईंकडून नीट समजावून द्या. ‘मला दारातून परत लावलं’ हा तुमचा अपमान खरा आहे आणि तो जिव्हारी लागणारच. पण तो अपमान त्या पोरीनं केलेला नाही.

आता गावभर पसरलेल्या त्या वाक्याकडे येते, की मशीनमध्ये सगळं कळतं. तुमच्या पत्रातली बाकीची सगळी दहशत या एका वाक्यावर उभी आहे. भंडारा, उचल, शेतात पाय, या धमक्यांना जोर येतो तो मत कळतं असं लोकांना वाटतं म्हणून.

मी शिक्षिका होते. निवडणुकीची ड्यूटी नोकरीभर केली, पुढे केंद्राध्यक्ष म्हणूनही बसले. मतदार आत येतो, यादीत नाव सापडतं, नोंदवहीत सही किंवा अंगठा होतो, बोटाला शाई लागते. मग कंट्रोल युनिटवरून त्याच्यासाठी मशीन सुरू केलं जातं. आडोशामागे तो कोणतं बटण दाबतो ते टेबलावर बसलेल्या आम्हाला दिसत नाही, बाकावर बसलेल्या प्रतिनिधींनाही दिसत नाही. बीप वाजते ती सगळ्यांची एकसारखी. मोजणीला मशीन सांगतं ते इतकंच, की या उमेदवाराला इतकी आणि त्या उमेदवाराला इतकी. नोंदवहीत तुमचा नंबर कितवा होता आणि तुम्ही कुणाला मत दिलं, याची जोडणी त्या निकालात कुठेही नसते. लोकसभा-विधानसभेला शेजारच्या यंत्राच्या काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि डब्यात पडते, ती कुणाच्या हाती लागत नाही. ग्रामपंचायतीला आपल्याकडे तेही यंत्र नसतं.

एक गोष्ट मात्र लपवून ठेवणार नाही. एकेकट्याचं मत कळत नाही, पण वॉर्डाचा आकडा कळतो. ग्रामपंचायतीचा वॉर्ड लहान असतो. वस्ती एकाच वॉर्डात असेल तर ‘तिकडून आपल्याला किती पडली’ याचा अंदाज मोजणीच्या टेबलावरच येतो. ही उणीव मोठ्या निवडणुकांतही आहे. अनेक केंद्रांची मतं एकत्र मिसळून मोजावीत अशी शिफारस केंद्रीय कायदा आयोगानं २०१५ च्या अहवालात केली होती, ती अमलात आली नाही. मला ती आजही हवीशी वाटते, आणि तुमच्यासारख्या गावांची पत्रं वाचली की जास्तच वाटते. तोवर वस्तीसाठी गुप्ततेच्या जोडीला कायद्याचा आधार लागतो. तो पुढे सांगते.

तुम्ही काय करायचं? प्रचार तर नाहीच, भाषणही नको. घरोघरी जाताना एकच सवय लावा. कुणी कुजबुजत “आमचं घर यंदा त्यांना” म्हणायला लागलं की हात वर करून थांबवा: “मला सांगू नका. मत आपलं आपल्यापाशी.” तुमच्या माणसांनाही हेच, त्यांच्या माणसांनाही हेच. आणि तुमच्या स्वतःच्या मताबद्दल घरातसुद्धा मौन. नवरा विचारेल, जाऊ विचारेल. सांगायचं नाही. गावात निवडणुकीनंतर वर्षानुवर्षं जे मन फाटतं, ते कोण निवडून आलं यानं फारसं फाटत नाही. ‘त्यानं मला शब्द दिला होता आणि मत तिकडे टाकलं’ या हिशोबानं फाटतं. शब्द मागायचा नाही आणि द्यायचा नाही, हा रिवाज कुणीतरी सुरू करावा लागतो. ज्या बाईला सगळ्या घरांत जावं लागतं, तिनं सुरू केला तर तो लवकर पोचतो.

म्हाताऱ्या माणसांची एक गोष्ट खास लक्षात ठेवा, कारण मत पळवायची ही सगळ्यात सोपी वाट आहे. “आजीला दिसत नाही” म्हणत कुणीतरी कार्यकर्ता आजीसोबत आडोशात घुसतो आणि बटण तोच दाबतो. नियम असा नाही. मतदार अंध असेल किंवा शारीरिक दुबळेपणामुळे चिन्ह ओळखणं, बटण दाबणं खरंच जमत नसेल, तरच केंद्राध्यक्ष सोबती घेऊ देतो. सोबती १८ वर्षांवरचा हवा. त्या दिवशी तो दुसऱ्या कुणाचा सोबती होऊ शकत नाही, आणि मत गुप्त ठेवण्याचं लिहून देतो. लिहिता-वाचता येत नाही म्हणून सोबती मिळत नाही. चिन्हं असतात ती त्यासाठीच. घरोघरच्या म्हाताऱ्यांना एवढं शिकवा, की केंद्राच्या दारात ठणकावून म्हणायचं, “मला दिसतंय, मी एकटी जाते.”

दुसरी वाट फोटोची. “बटण दाबताना फोटो काढून आण” असं सांगितलं जातं. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, आणि हा नियम मतदाराला फार उपयोगी आहे. ज्याच्यावर दबाव आहे त्यानं बाहेर येऊन इतकंच म्हणायचं, “साहेबांनी फोन बाहेर ठेवायला लावला.” कुणाशी वाकडं नाही आणि मतही आपलं राहिलं. तिसरी वाट म्हणजे दुसऱ्याच्या नावावर मत टाकणं. ऊसतोडीला गेलेल्यांची नावं यासाठी हेरली जातात. कुणी केंद्रावर पोचलं आणि “तुमचं झालंय” असं ऐकायला मिळालं, तर परत फिरू नये. केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागावं. ओळख पटली की ते कागदी मतपत्रिकेवर घेतात आणि वेगळ्या पाकिटात ठेवतात.

यादीसुद्धा आताच बघा. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीतून वॉर्डांत फोडून तयार होते, आणि ती फोडताना घरंच्या घरं शेजारच्या वॉर्डात जातात. त्यासाठी हरकतीची मुदत थोडी असते, ती गेली तर तहसीलमध्ये विचारून घ्या. जिवंत माणूस मेला, नांदती बाई गाव सोडून गेली, असं सांगून ७ नंबरचा अर्ज भरून नावं उडवायला तुम्हाला कुणी साक्षीला धरलं तर साफ नाही म्हणा. मतदारयादीसाठी खोटं लिहून देणं गुन्हा आहे, आणि सही तुमची असेल.

भंडाऱ्याचं. तुमच्या पत्रातला हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. खंडोबाच्या भंडाऱ्याचा धाक काय असतो हे मला माहीत आहे. माणूस पैसे विसरतो, शपथ विसरत नाही. म्हणून हेही सांगते, की या धाकाचा विचार कायद्यानं केलेला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ मध्ये मतदारावर गैरवाजवी दबाव म्हणजे काय ते सांगितलं आहे, आणि ‘असं मत दिलंस तर देवाचा कोप होईल’ अशी भीती घालणं त्यात स्पष्टपणे येतं. कलम १७४ खाली त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही आहे. पण कलम सांगून आजीच्या मनातली भीती जाणार नाही. ती भीती देवाच्या माणसानंच काढायला हवी. तुमच्या गावात सप्ताह होत असेल, कीर्तनकार, पारायणाचे महाराज येत असतील. दोन्ही बाजू ज्यांच्या पाया पडतात अशा एखाद्याला, किंवा देवळाच्या पुजाऱ्याला, गावातल्या वडीलधाऱ्यांमार्फत विनंती करा, की रात्री अडवून घेतलेली शपथ देवाला लागू होत नाही, एवढं चारचौघांत बोलावं. असं बोलायला त्यांना काही धोका नाही आणि कुणाचं नावही घ्यावं लागत नाही.

पैशांबद्दल फार लिहीत नाही. देणाराही गुन्हेगार आणि घेणाराही, हे कलम १७० मध्ये आहे. कुणी भीतीपोटी पाकीट ठेवून घेतलं असेल तर त्यामुळे त्याचं मत विकलं गेलं असं मानू नका, आणि त्याला तसं मानू देऊ नका.

उचलीचा प्रश्न अवघड आहे. जानेवारी २०२१ मध्ये राज्यभर मोठ्या प्रमाणावर ग्रामपंचायतींचं मतदान झालं, तेव्हाही ऊसतोड ऐन भरात होती आणि माणसं कोल्हापूर, सांगली, कर्नाटकच्या फडात होती. मुकादमाची गाडी नाकारली तर कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीच्या जोडप्याला, गावी येता येत नाही, आणि मुकादमाशी बिघडलं तर हंगामच बिघडतो. म्हणून मी ‘गाडीत बसू नका’ असा सल्ला देणार नाही. बसा, या, आणि आडोशात एकटे असताना तुम्हाला हवं ते बटण दाबा. उचल घेतली ती ऊस तोडायला. मत त्या हिशोबात कधीच नव्हतं. त्यांच्या मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आई-बापांना तुम्ही भेटता. फोनवर निरोप द्यायचा तर एवढाच द्या, की मशीनमध्ये कुणाचंही नाव कळत नाही.

वस्तीचं मात्र नुसत्या गुप्ततेवर सोडू नका. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मत देऊ नको, किंवा अमुकालाच दे, म्हणून धमकावणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हा आहे. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं, टाकण्याची धमकी देणं, हेही त्याच कलमात आहे. ‘शेतात पाय ठेवू देणार नाही’ हे वाक्य सरळ त्यात बसतं. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो, गावच्या बीट जमादाराच्या मर्जीवर राहत नाही. तक्रार करायची की नाही हे वस्तीनं ठरवायचं आहे, कारण उद्या मजुरीला त्यांनाच जायचं आहे. तुमचं काम त्यांना हे माहीत आहे ना याची खात्री करणं. धमकी कोणी, कधी, कुणासमोर दिली, हे त्याच दिवशी तारखेसकट लिहून ठेवायला सांगा. फोनवर आली असेल तर रेकॉर्डिंग पुसू नये.

आणि बंदोबस्ताचा अर्ज आधीच जायला हवा. तहसीलदार आणि निवडणूक निर्णय अधिकारी यांच्या नावे लिहा, की आमचं केंद्र संवेदनशील धरावं, पोलीस द्यावेत, चित्रीकरण करावं, उमेदवारांचे मांडव केंद्रापासून ठरलेल्या अंतराबाहेर ठेवावेत. एक प्रत पोलीस ठाण्यात. जे खरंच दमदाटी करत फिरतात त्यांच्याकडून शांततेचा बाँड लिहून घेण्याची सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ मध्ये आहे. गावात तिला अजून, जुन्या कायद्यातल्या कलमावरून, १०७ ची नोटीस म्हणतात. हे अर्ज तुमच्या एकटीच्या सहीनं जाऊ नयेत, ताई. तुम्ही त्या घरातल्या सून आहात, आणि मी इथे बसून तुम्हाला एकटीला पुढे ढकलणार नाही. बचत गटांमध्ये सगळ्या समाजाच्या बायका असतील. दोन-तीन गटांनी मिळून दिलेल्या अर्जावर ‘हा कुणाचा डाव’ असं म्हणणं अवघड जातं. प्रत्यक्ष मारामारीची वेळ आलीच तर ११२.

आता बोलीचं. इथे मी तुमच्या जाणत्या माणसांशी सहमत नाही, आणि तुमच्याशीही नाही. थकव्यातून ‘सुटू एकदाचं’ वाटणं मला समजतं. पण पदाचा लिलाव झाला तर वस्तीतल्या माणसाचं, ऊसतोडीच्या बाईचं, त्या म्हाताऱ्या आजीचं मत एका रात्रीत काढून घेतलं जातं, तेही देवळाच्या नावानं. ज्यांच्यावर आज दबाव आहे त्यांच्याकडे तेवढं एकच तर आहे. शिवाय हे चालतही नाही. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात देवळासाठी बोली दोन कोटींच्या वर गेल्याचं समोर आलं होतं. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीतही असाच लिलाव झाला. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. बोलीत हरलेला माणूस गप्प बसतो असंही नाही, आणि जिंकलेला आपला पैसा पाच वर्षांत वसूल करायला बघतो. सगळ्या वस्त्या बसून, कुणाला न दाबता, खरोखर एका नावावर आल्या तर बिनविरोध निवड चांगलीच. तुमच्या गावात आज तसं होण्यासारखी हवा नाही. मतदान होऊ द्या.

कुणबी दाखल्याच्या वादावर तुम्ही माझं मत विचारलेलं नाही, पण पत्राच्या मुळाशी तोच आहे, म्हणून थोडं लिहिते. तुमच्या भागात हा वाद नुसता एका जागेचा राहिलेला नाही. सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, ऑक्टोबरअखेर बीड आणि माजलगावात घरं जळली, २०२४ ची बीड लोकसभा साडेसहा हजारांच्या आसपास मतांच्या फरकानं लागली, आणि त्यानंतर गावोगाव माणसं एकमेकांना आकड्यांत मोजायला लागली. निजामाच्या काळातल्या नोंदींवरून दाखला मिळालेल्या घराला तो आपला हक्क वाटतो. आधीपासून ओबीसीत असलेल्या घराला आपल्या ताटातलं जातंय असं वाटतं. दोन्ही भावना खोट्या नाहीत, आणि दोन्हींमागे पावसावर जगणारी कोरडवाहू शेती आणि शिकून घरी बसलेली पोरं आहेत. पण तुमच्या दिरांचा दाखला टिकतो की नाही, हे चावडीवर ठरणार नाही. ते जात पडताळणी समितीत ठरेल. राखीव जागेवर निवडून आलेल्यानं मुदतीत वैधता प्रमाणपत्र दिलं नाही तर त्याचं पद जातं. ज्यांचा आक्षेप आहे त्यांनी समितीकडे पुरावे द्यावेत, निवडणुकीच्या वैधतेवर हरकत असेल तर निकालापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायालयात अर्ज करावा. दारात तुम्हाला कुणी यावर छेडलं तर बाजू मांडत बसू नका. “ते समिती बघेल, तुम्ही बाळाचं कार्ड दाखवा” म्हणा.

गिरणीचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण माझ्या मते निवडणुकीत पडलेली दरी बुजवायची सुरुवात तिथूनच होईल. दळण बायका नेतात. गिरणीवाल्याला कुणाचंच दळण नकोसं झालेलं नसतं, तो फक्त पहिल्या शिवीला घाबरतो. तुम्ही तुमचा डबा नेहमीच्याच गिरणीत न्या. दुसऱ्या बाजूच्या एखाद्या बाईलाही इकडच्या गिरणीत यायला सांगा. कुणाला समजावत बसायची गरज नाही. घरातून विरोध झाला तर “लांबच्या गिरणीला पाय दुखतात” हे कारण पुरे.

तुमची मैत्रीण. तिच्यावरही तिच्या घरचा असाच दबाव असणार. तिचंही रजिस्टर आहे, तिच्याकडेही कुणीतरी मागितलं असेल. ती मान वळवते ती रागानं की तुमच्याशी बोलताना कुणी बघेल या भीतीनं, हे तुम्हाला आज माहीत नाही. घरी जाऊन रडारड करू नका, तिला अडचणीत आणाल. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी तुम्ही दोघी एका टेबलावर असणारच. तिथे कामापुरतं बोला, आणि संधी मिळाली तर हळूच विचारा, “तुझ्याकडे पण मागितलं का गं?” एवढा एक प्रश्न. ती हो म्हणाली तर दोघींनी मिळून नर्सबाईंना सांगा, की मतदानापर्यंत घरभेटी आम्ही जोडीनं करतो. दोन समाजांच्या दोन बायका एकत्र दारात उभ्या राहिल्या की दार लावणं लोकांना जड जातं, आणि तुम्हा दोघींपैकी कुणावरही एकटीवर संशय येत नाही. ती काहीच बोलली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. गुलाल उतरेपर्यंत थांबा.

गुलालावरून आठवलं. मतदानाच्या दिवशी पोलीस असतात. मारामारी बहुतेक वेळा निकालाच्या संध्याकाळी होते, पडलेल्याच्या दारासमोर डीजे थांबवल्यावर. त्यामुळे निकालाआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होईल तेव्हा पोलीस पाटलांकडून दोन गोष्टी दोन्ही पॅनलच्या सहीनं लिहून घ्यायला लावा: मिरवणूक कोणत्या गल्लीतून जाणार नाही, आणि वस्तीत गुलाल, फटाके, घोषणा नाहीत. तुमचे दीर जिंकले तर घरातल्या बायकांनी त्यांना त्या संध्याकाळी घरी बसवा, पाहुण्यांना चहा करायला लावा, काहीही करा, पण त्या मिरवणुकीच्या ट्रॅक्टरवर चढू देऊ नका. हरले तर तुमच्या घरातला कुणी “बघून घेतो” म्हणत बाहेर पडणार नाही, इतकं तुमच्या हातात आहे. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपच्या अॅडमिनला आदल्या दिवशीच सांगा, की आठवडाभर ग्रुपवर फक्त अॅडमिनच लिहू शकेल अशी सेटिंग करून ठेवा. जुन्या मारामारीचा व्हिडिओ आजचा म्हणून फिरायला तेवढा एक आठवडा पुरतो.

मग पहिली ग्रामसभा येईल. तिच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावीच लागते, ती कागदावर उरकू देऊ नका. बचत गटाच्या सगळ्या बायका घेऊन जा, मैत्रिणीलाही निरोप द्या. सरपंच कुणीही असो, सगळ्यांना लागणारा एकच विषय ठेवा, उन्हाळ्यातल्या पाण्याचा टँकर किंवा अंगणवाडीचं गळकं छप्पर. कोणत्या वस्तीला किती पाणी, हे सगळ्यांसमोर वाचून दाखवायला सांगा, म्हणजे मतांचा सूड पाण्यावर निघणार नाही. विषय ग्रामसेवकांकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, सभेच्या आधी लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.